छाती कमी करण्याचं ऑपरेशन : सूज डावीकडेच का? किती दिवस थांबायचं?

अबोली_नवी | १४ जून, रात्री ११.५२

नमस्कार. नेहमीच्या आयडीने लिहायचं धाडस होईना म्हणून हा नवीन. संपादक मंडळ, डुआयडी म्हणून उडवू नका, हात जोडते.

वय ४१, शाळेत शिकवते. सात आठवड्यांपूर्वी ब्रेस्ट रिडक्शन करून घेतलं. मानेचं दुखणं, पट्ट्यांनी खांद्यावर पडलेल्या खाचा, दर उन्हाळ्यात छातीखाली उठणारी बुरशी आणि तिचं ते मलम, असं वीस वर्षं काढलं. का केलंस यावर चर्चा नको. केलं, आणि पश्चात्ताप नाही.

प्रश्न वेगळा आहे. उजवी बाजू चार आठवड्यांत छान बसली. डावी अजून फुगलेलीच. दिसायला मोठी, वरच्या अंगाला ताठ, काखेकडे जाड. सकाळी बरी असते, संध्याकाळपर्यंत ब्रा रुतायला लागते. ताप नाही, लाली नाही, काही वाहत नाही. खाली जिथे उभी आणि आडवी शिवण मिळते तिथे डावीकडे तिसऱ्या आठवड्यात जरासं उसवलं होतं, नखाएवढं. ड्रेसिंग करून करून भरलं.

डॉक्टर म्हणतात, "सूज आहे, उतरेल." कधी, ते सांगत नाहीत. रोज रात्री दार लावून आरशासमोर उभी राहते. आईजवळ बोलले तर ती म्हणाली, "देवाने दिलेलं कापलंस, आता बस बघत."

ज्या यातून गेल्यात त्यांनी सांगा. दोन्हीकडची सूज वेगवेगळी उतरते का? का माझं काही बिघडलंय?

---

चकलीचा_काटा | १५ जून, सकाळी ६.१०

वाचतेय. धागा काढलास हे फार बरं केलंस. सविस्तर रात्री लिहिते, डबे व्हायचेत.

---

सोलापुरी_चादर | १५ जून, सकाळी ९.३५

माझं सहा वर्षांपूर्वी झालं. माझी उजवी रुसली होती. डावी दोन महिन्यांत जागेवर, उजवीला जवळजवळ पाच महिने लागले. मी पण आरशासमोर उभी राहायचे. नवऱ्याने शेवटी बेडरूममधला आरसा काढून हॉलमध्ये लावला, म्हटला आता बघ पाहुण्यांसमोर.

एक काम कर. रोज बघू नकोस. दर पंधरा दिवसांनी एकाच जागी, एकाच उजेडात, सकाळीच फोटो काढ. रोज बघितलं की काहीच हलत नाही असं वाटतं. मी तिसऱ्या महिन्यात पहिला फोटो काढून बघितला आणि माझाच विश्वास बसेना.

---

परखड_मत | १५ जून, सकाळी १०.०२

कोणाला दुखवायचं नाही, पण निसर्गाच्या विरोधात गेलं की असं होणारच. वजन कमी करणे, रोज सूर्यनमस्कार, हे उपाय आहेत. हल्ली प्लास्टिक सर्जरीचं फॅड आलंय पाश्चात्त्यांचं बघून.

---

सोलापुरी_चादर | १५ जून, सकाळी १०.१५

किलोभर तांदळाची पिशवी गळ्यात बांधा आणि बारा सूर्यनमस्कार घाला. मग निवांत बोलू.

---

बेळगावी_कुंदा | १५ जून, सकाळी १०.४०

+१ चादर. माझं वजन ५२ किलो होतं, तरी पाठ मोडायची. वजन उतरलं की तिथलं उतरतंच असं नाही, त्यात नुसती चरबी नसते, ग्रंथीही असतात. सिमोना हालेप माहीत आहे ना, टेनिसवाली? २००९ साली सतराव्या वर्षी हेच ऑपरेशन केलं तिने, खेळताना वजनाचा अडथळा होतो म्हणून. मग २०१८ ला फ्रेंच ओपन आणि २०१९ ला सेरेनाला हरवून विम्बल्डन. तिला व्यायाम कमी पडत होता असं म्हणायचंय का तुम्हाला?

---

टाकेदुरुस्ती | १५ जून, दुपारी ३.२०

मी प्लास्टिक सर्जन आहे, जिल्ह्याच्या गावी. तपासल्याशिवाय निदान करत नाही, इथेही करणार नाही. पण प्रश्न शंभरात नव्वद जणी विचारतात, म्हणून लिहितो.

पेशंटला वाटतं एक ऑपरेशन झालं. खरं तर दोन होतात. मुळात दोन्ही बाजू सारख्या नसतात, त्यामुळे दोन्हीकडून काढलेलं वजनही सारखं नसतं. जिथून जास्त काढलं तिथे आतली जखम मोठी, तिथे सूज जास्त आणि रेंगाळणारी. अबोलीताई, तुमच्या डिस्चार्ज कार्डावर ग्रॅम लिहिलेले असतील. काढलेला भाग पॅथॉलॉजीला पाठवतात, त्या रिपोर्टमध्येही वजन असतं. बघा.

सूज म्हणजे काय, तर पेशींच्या मधे साठलेलं पाणी. ते परत वाहून नेणाऱ्या बारीक लसीकावाहिन्या ऑपरेशनमध्ये कापल्या जातात. त्या पुन्हा जुळेपर्यंत निचरा मंद. सकाळी कमी, संध्याकाळी जास्त हे त्यामुळेच. मोठी सूज सहा आठवड्यांत ओसरते, पण आकार बसायला तीन ते सहा महिने, आणि शेवटचा आकार वर्षभराने. सुरुवातीला छाती वर चढलेली आणि चपटी दिसते, मग हळूहळू खाली येते, खालचा भाग भरतो. दोन्ही बाजू एकाच दिवशी खाली येत नाहीत.

तिठ्यावरचा टाका उसवणं तर अगदी नेहमीचं. तीन शिवणी एकत्र येतात, ताण सगळ्यात जास्त आणि कातडीच्या त्या टोकापर्यंत रक्त पोचतं सगळ्यात कमी. बहुतेक वेळा ड्रेसिंगने भरतं.

आता घाबरायचं कधी. पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू अचानक, तासांच्या हिशेबात टणक होऊन फुगली, दुखणं वाढत गेलं, तर आत रक्त साठत असू शकतं. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही. पुढे लाली पसरली, गरम लागलं, ताप आला, वास येणारं पाणी वाहिलं तर जंतुसंसर्ग. निप्पल काळंनिळं पडायला लागलं तर त्याच दिवशी दाखवा. पोटरी दुखून सुजली किंवा दम लागला तर छातीचा विचार बाजूला, थेट इस्पितळ. आणि बऱ्याच आठवड्यांनी एखादी कडक गाठ लागली तर तीही दाखवा. बहुधा रक्तपुरवठा न मिळालेली चरबी असते, पण 'बहुधा' हे सोनोग्राफीने ठरवायचं असतं, बोटांनी नाही.

मी एकच विचारतो पेशंटला : गेल्या आठवड्यापेक्षा चढली का उतरली? उतरत असेल, कितीही हळू, तर थांबू.

---

अबोली_नवी | १५ जून, रात्री १०.२५

डॉक्टर, तुम्ही पाच मिनिटांत जे सांगितलंत ते कोणी सांगितलं नव्हतं. कार्ड शोधलं. डावीकडून ६१० ग्रॅम, उजवीकडून ४८०. म्हणजे डावीकडे मुळातच जास्त होतं? मला कधी कळलंच नाही. मला वाटायचं दोन्ही सारख्याच अवजड.

---

खणाची_चोळी | १५ जून, रात्री १०.५८

तुला कळलं नसेल, पण तुझ्या शिंपिणीला माहीत असणार. विचार तिला.

---

फिजिओ_वहिनी | १६ जून, सकाळी ७.४५

दोन प्रश्न. एक, लिहितेस कोणत्या हाताने? दोन, शाळा कधी सुरू केलीस?

---

अबोली_नवी | १६ जून, दुपारी १.०५

डावखुरी आहे मी. आणि आमची शाळा १५ एप्रिलनंतर तशी नव्हती, पण पाचव्या आठवड्यापासून जादा वर्ग घेतले. फळ्यावर लिहायचं, तेही वरच्या ओळीपासून.

...अगं आई गं.

---

फिजिओ_वहिनी | १६ जून, दुपारी १.३०

हं. सापडला तुझा निम्मा चोर. सगळा नाही, पण निम्मा.

हात खांद्याच्या वर नेऊन तासन्‌तास काम केलं की छातीचा स्नायू ओढला जातो, आणि त्याच्यावरच तर सगळं ताजं शिवलंय. हात अजिबात हलवायचा नाही असं नाही, उलट खांदा आखडून बसणाऱ्याच जास्त असतात. हलका हलता ठेव. पण फळ्याच्या वरच्या ओळी काही दिवस मुलांना लिहायला सांग. वर्ग खूश होईल. वह्यांचा गठ्ठा उचलू नकोस, प्रेशर कुकर भरलेला उचलू नकोस. झोपतेस कशी?

---

अबोली_नवी | १६ जून, दुपारी १.३४

डाव्या कुशीवर. उजवीकडे नवरा घोरतो.

---

सोलापुरी_चादर | १६ जून, दुपारी १.३६

सापडला उरलेला निम्मा चोर.

---

वाफाळता | १६ जून, दुपारी २.१०

ह्या धाग्याचं नाव बदलून 'गुन्हा अन्वेषण' ठेवा.

---

फिजिओ_वहिनी | १६ जून, दुपारी २.४०

हसा. पण खरंच, उताणी झोप, पाठीमागे दोन उशा, दोन्ही काखेशी एकेक लोड. आणि नवऱ्याला हॉलमध्ये पाठव, तिथे आरसाही आहे म्हणे.

---

चकलीचा_काटा | १६ जून, रात्री ९.५०

आले. माझी मावसबहीण करून आली दोन वर्षांपूर्वी, तिच्याजवळ तीन आठवडे मीच होते. घरातल्या बायकांनी केलेली सेवा सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही.

पहिल्या दिवसापासून भात बंद, का तर पू होतो. वांगं बंद, डाळ बंद, आंबट बंद. बिचारी पोळी आणि दुधीची भाजी खाऊन राहिली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं काय खाता, आणि कपाळावर हात मारला. जखम भरायला प्रथिनं लागतात, म्हणाले, डाळ, अंडी, पनीर, मासे, जे चालत असेल ते भरपूर खा. कमी करायचंच असेल तर पापड-लोणचं कमी करा, मिठाने पाणी धरतं.

आणि दुसरं. सासूबाईंनी मायेपोटी शेक दिला, गरम पाण्याच्या पिशवीने. हिला काही जाणवलंच नाही कारण ऑपरेशननंतर तिथली कातडी बधिर असते! सकाळी फोड. सूज राहिली बाजूला, भाजल्याचे उपचार सुरू. बर्फाचंही तेच, डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थेट ठेवायचा नाही.

---

टाकेदुरुस्ती | १६ जून, रात्री १०.१५

शेकाचं लाल अक्षरात लिहा. दरवर्षी एक तरी येते.

आणि अजून एक, जे विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. मिश्री. 'सिगारेट ओढता का' विचारलं की आमच्याकडच्या बायका रागाने बघतात. 'मिश्री लावता का' विचारलं की खाली बघतात. तंबाखू जळालेली असो, ओढलेली असो, दाताला लावलेली असो, निकोटीन ते निकोटीनच. बारीक रक्तवाहिन्या आवळते. कातडी काळी पडणं, टाके उघडणं यात तिचा मोठा हात. मी आधी चार आठवडे आणि नंतर चार आठवडे पूर्ण बंद करायला लावतो. साखर ताब्यात नसेल तरी ऑपरेशन पुढे ढकलतो.

---

पेठेतला | १७ जून, सकाळी ११.००

अवांतर आहे, पण वर कोणीतरी 'पाश्चात्त्यांचं फॅड' म्हणालं म्हणून राहवत नाही.

१७९४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या जंटलमन्स मॅगझीनमध्ये एका माणसाचं चित्र छापून आलं. कावसजी. इंग्रजांच्या फौजेसाठी बैलगाडी हाकायचा, टिपूच्या लोकांनी पकडून त्याचं नाक आणि एक हात छाटला. त्याला नवं नाक करून दिलं ते पुण्याकडच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने. मेणाचा साचा नाकावर ठेवला, तो कपाळावर पसरून आखला, तेवढी कातडी सोडवली आणि मधला देठ न कापता खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. ते वाचून इंग्लंडात कार्प्यू नावाच्या सर्जनने १८१४ मध्ये तसं करून पाहिलं. तेव्हा फॅड कोणी कोणाचं बघून उचललं हे ठरवा बुवा.

---

परखड_मत | १७ जून, सकाळी ११.२०

नाक कापलेल्याची गोष्ट वेगळी. गरज होती.

---

बेळगावी_कुंदा | १७ जून, सकाळी ११.२२

आणि पाठ मोडलेल्याची?

---

टाकेदुरुस्ती | १७ जून, दुपारी ४.४५

पेठेतले, तुमचं अवांतर अजिबात अवांतर नाही. 'देठ' हा शब्द तुम्ही वापरलात, तोच या ऑपरेशनचा गाभा आहे. बऱ्याच बायकांना वाटतं निप्पल कापून वेगळं करतात आणि वर चिकटवतात. फारच मोठ्या छातीत क्वचित तसं करावं लागतं. एरवी ते एका जिवंत देठावर ठेवलेलं असतं. रक्त, संवेदना, दुधाच्या नळ्या, जे काही वाचतं ते त्या देठातून. देठ आपल्या जागी ठेवून आजूबाजूचं काढायचं आणि वरच्या नव्या जागी वळवून शिवायचं. कावसजीचंच नाक.

आणि अबोलीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे. देठातून रक्त आत जायला फारशी अडचण येत नाही, परत फिरायला येते. ज्या बाजूचा देठ लांब किंवा जास्त वळवावा लागला, ती बाजू जास्त दिवस तुंबलेली राहते.

---

नुसताच_वाचक | १७ जून, सायंकाळी ६.०५

बायकोसाठी विचारतोय. मेडिक्लेममध्ये मिळतं का हे?

---

जर्सीची_गाय | १७ जून, रात्री ८.३०

भारतातलं दुसरे सांगतील, मी न्यू जर्सीत राहते (आयडी त्यावरूनच, हसू नका). इथे इन्शुरन्सवाले श्नूर नावाच्या सर्जनने १९९१ मध्ये मांडलेला तक्ता काढतात. तुमची उंची-वजन, त्यावरून शरीराचं क्षेत्रफळ, आणि त्यावरून दर बाजूला किमान किती ग्रॅम काढलं तर 'गरज', नाहीतर 'हौस'. माझ्या मापाला साडेचारशेच्या आसपास आलं. म्हणजे सोनाराकडे गेल्यासारखं, तोळ्यावर ठरणार मला दुखतंय की नाही. शिवाय सहा महिने फिजिओथेरपीची बिलं, खांद्यावरच्या खाचांचे फोटो.

मला सूज दोन्हीकडे सारखीच होती, त्यामुळे मूळ प्रश्नाला उपयोग शून्य. पण खाज! दुसऱ्या महिन्यात विजेचे चटके बसल्यासारखं, मधेच, मीटिंगमध्ये. नसा जाग्या होतात म्हणे.

---

कागदपत्र_काका | १७ जून, रात्री ९.१५

@नुसताच_वाचक, इर्डाने (विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) ठरवून दिलेल्या अपवादांत प्लास्टिक सर्जरी आहे, पण त्यात पळवाट नाही, दरवाजा आहे : अपघात, भाजणं, कर्करोग यानंतरची दुरुस्ती, किंवा तब्येतीला थेट धोका असल्याने आवश्यक असल्याचं उपचार करणाऱ्या डॉक्टरने लिहून दिलं तर. प्रत्यक्षात कंपन्या बहुधा आधी नाही म्हणतात. ऑपरेशनच्या आधीच लेखी विचारा. अस्थिरोग आणि त्वचारोगवाल्यांचे जुने केसपेपर फेकू नका.

---

नाव_नको | १८ जून, रात्री १२.४०

मी पुरुष आहे. मला बोलू द्याल का?

सव्विसाव्या वर्षी माझं झालं. गायनेकोमास्टिया, म्हणजे पुरुषाची छाती बाईसारखी वाढते ते. कॉलेजात पोहायला कधी उतरलो नाही, शर्टाखाली दोन बनियन. ऑपरेशननंतर घट्ट जाकीट घालून सहा आठवडे. डावीकडे पाणी साठलं, दोनदा सुईने काढावं लागलं, नंतर तिथे पाच महिने जाडसर राहिलं. उजवीकडे सपाट, डावीकडे चपाती ठेवल्यासारखी. आता तीन वर्षं झाली, मलाच आठवावं लागतं कोणती बाजू होती. अबोलीताई, तुमचं वाचून पहिल्यांदा हे कुठेतरी लिहिलं.

---

खणाची_चोळी | १८ जून, सकाळी ८.००

बोल की रे बाबा. इथे आरसा सगळ्यांच्याच घरी आहे.

---

वाफाळता | १८ जून, सकाळी ८.२०

चपाती का पोळी? पुण्यातल्यांना उत्तर हवंय.

---

पेठेतला | १८ जून, सकाळी ८.२२

पोळी.

(धाग्यात चपाती-पोळीवर आलेले ३७ प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक मंडळ)

---

अबोली_नवी | २९ जून, रात्री ९.४०

सांगायला आले. दोन गोष्टी.

खणाची_चोळी, तुझ्या पाया पडायला हवं. माझ्या शिवणकामवाल्या मावशींना फोन केला. ऑपरेशनचं काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, मावशी माझं ब्लाऊजचं माप दोन्हीकडे सारखं आहे का हो? त्या म्हणाल्या, "नाय बाई, तुमची डावी कटोरी मी पहिल्यापासनं दोन सूत मोठी घेते." चौदा वर्षं शिवतायत. चौदा वर्षं! मी म्हटलं मला कधी बोलला नाहीत. तर म्हणाल्या, "बोलायचं काय त्यात, बसत होतं की."

फोन ठेवून रडले आणि हसले. मग ऑपरेशनच्या आधीचे फोटो डॉक्टरांकडून मागवले. आहे की फरक! चांगला ढळढळीत. मी स्वतःकडे कधी नीट बघितलंच नव्हतं, कारण बघायचंच नव्हतं.

दुसरी गोष्ट. डावीकडे बाहेरच्या अंगाला सुपारीएवढं कडक लागलं. दोन रात्री झोप नाही. सोनोग्राफी झाली. चरबीच आहे, रक्त न मिळालेली. काढलेल्या भागाचा रिपोर्टही स्वच्छ. तीन महिन्यांनी परत सोनोग्राफी. पुढे कधी मॅमोग्राफी केली तर ऑपरेशन झाल्याचं आधी सांगायचं, तिथे कॅल्शियमचे ठिपके दिसू शकतात आणि नवा डॉक्टर दचकू शकतो, असं सांगितलंय.

नवरा हॉलमध्ये झोपतो. फळ्यावर सातवी ब मधली मुलगी लिहिते, तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

---

सोलापुरी_चादर | २९ जून, रात्री ९.५५

दोन सूत! मावशींना दंडवत. तीन हजाराच्या सोनोग्राफीआधी शिवणयंत्रावर निदान.

---

मडगावची | ३० जून, सकाळी १०.३०

व्रणांचं कोणी बोललं नाही. माझे अजून काळपट आहेत, आठ महिने झाले. जाड पण होतायत एका बाजूला. आईला कान टोचल्यावर गाठी आल्या होत्या, तसंच का?

---

टाकेदुरुस्ती | ३० जून, रात्री ९.०५

घरात गाठी येण्याचा इतिहास असेल तर लवकर दाखवा, घरी वाट बघत बसू नका. एरवी व्रण पिकायला बारा ते अठरा महिने लागतात, आपल्या कातडीवर काळपटपणा जास्त दिवस राहतो. जखम पूर्ण बंद झाल्यावर सिलिकॉनची जेल किंवा पट्टी, ऊन लागू न देणे. कडा उचलून व्रणाबाहेर पसरत असेल तर इंजेक्शन द्यावं लागतं. हळद, तूप, कोरफड यापैकी काहीही उघड्या जखमेवर नको. स्वयंपाकघरात राहू दे.

---

अबोली_नवी | ११ ऑक्टोबर, रात्री १०.१०

साडेपाच महिने. फोटो बघत नाही आता, पण आज मुद्दाम काढला. डावी उतरली. अजून किंचित भरलेली आहे, पण कपड्यांतून कळत नाही. सुपारीची वेलची झालीये. डावीकडचं निप्पल अजून बधिर आहे, उजवीकडचं जागं झालं. बुरशी या पावसाळ्यात नाही. मलमाची नळी फेकून दिली.

आई येऊन गेली. काही बोलली नाही. जाताना म्हणाली, "पाठ सरळ झाली गं तुझी."

---

मधुरा_क | २२ नोव्हेंबर, रात्री १.०८

नवीन सदस्य. हा धागा शोधताना सापडला. माझ्या बहिणीचं काल दुपारी झालं, आज संध्याकाळी घरी आणलं. रात्री दहापासून उजवी बाजू फुगतेय. आता डावीच्या दुपटीला आलीये. टणक आहे, कातडी ताणून चकाकतेय. गोळी देऊनही दुखणं थांबत नाही. इथे वाचलं की एका बाजूला सूज जास्त असणं नॉर्मल आहे, म्हणून सकाळपर्यंत थांबायचं म्हणतेय ती. काय करू?

---

सोलापुरी_चादर | २२ नोव्हेंबर, रात्री १.११

थांबू नका! वर डॉक्टरांचा १५ जूनचा प्रतिसाद वाच, 'तासांच्या हिशेबात'. अबोलीची सूज आठवड्यांची होती, ही तीन तासांची आहे. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना आत्ता फोन लाव. उचलला नाही तर त्या इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत घेऊन जा.

---

नाव_नको | २२ नोव्हेंबर, रात्री १.१२

निघा. इथे उत्तर देत बसू नका. तिला पाणीही देऊ नका, भूल द्यावी लागली तर पोट रिकामं हवं.

---

चकलीचा_काटा | २२ नोव्हेंबर, सकाळी ६.०५

उठल्या उठल्या हे वाचलं. मधुरा, काय झालं?

---

फिजिओ_वहिनी | २२ नोव्हेंबर, सकाळी ८.४०

कोणाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) आला का?

---

मधुरा_क | २२ नोव्हेंबर, दुपारी ४.३०

आत्ता मोबाईलवरून टंकतेय. पावणेदोनला पोचलो. बघताक्षणी थिएटरमध्ये घेतलं. आत रक्त साठलं होतं, एक बारीक रक्तवाहिनी वाहत होती. काढलं, ती बांधली, आता नळी ठेवलीये. ती झोपलीये. डॉक्टर म्हणाले सकाळपर्यंत थांबला असता तर निप्पलचं काही खरं नव्हतं.

तुम्ही रात्री एक वाजता जागे कसे होतात?

---

सोलापुरी_चादर | २२ नोव्हेंबर, दुपारी ४.४१

सवय आहे गं. त्या वेळच्या आरशाची.

---

टाकेदुरुस्ती | २२ नोव्हेंबर, सायंकाळी ७.१५

उत्तम. रात्री मी झोपलो होतो, पण तुम्ही मला उठवण्यासारखं काही शिल्लक ठेवलं नव्हतंत. मधुरा, आता तिची ही बाजू दुसरीपेक्षा जास्त दिवस सुजलेली आणि निळी-पिवळी राहील, काही आठवडे. ती आठवड्यांची सूज असेल. तेव्हा पुन्हा हा धागा पहिल्यापासून वाचा.

---

अबोली_नवी | १९ डिसेंबर, रात्री ८.२०

भाचीचं लग्न आहे. आज मावशींकडे नव्या मापाला गेले. टेप लावला, उजवीकडे, डावीकडे, परत उजवीकडे. चष्मा पुसला. म्हणाल्या, "बाई, हे काय, लई कमी झालं." मी सांगितलं सगळं. एक शब्द बोलल्या नाहीत, वहीत जुनं माप खोडलं, नवीन लिहिलं. मग पेन्सिल कानावर ठेवत विचारलं,

"डावीकडे एक सूत सोडू ना?"

म्हटलं, सोडा.